उजवीकडचा रकाना

६ जानेवारी

आज शाळेत पहिला दिवस. फाटकावरच्या रखवालदाराने मला पाहताच टोपी काढली आणि "या या, सुपरवायझर मॅम" म्हणत थेट हेडसरांच्या खोलीकडे घेऊन निघाला. मी म्हटलं, "बाबा रे, मी शिकाऊ शिक्षिका आहे." त्याने माझे पांढरे केस पाहिले, मग कॉलेजचा निळा गणवेश पाहिला. म्हणाला, "मुलीच्या बदली आलात का?"

हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं. माझ्याबरोबरचा ड्वेन माझ्या धाकट्या मुलाहून लहान आहे. सतराव्या वर्षी व्हायचं होतं ते मी त्रेपन्नाव्या वर्षी व्हायला निघालेय. मध्ये लग्न, सासूबाईंचं आजारपण, मुलं, नवऱ्याचं, तेओचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तक्रार नाही. पण कॉलेजचा अभ्यासक्रम येत्या जूनपासून बदलतोय. मार्चमधल्या अंतिम पाठात पास झाले नाही तर मागची सगळी वर्षं बाद आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझ्या वयाला पुन्हा पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही, हे मला माहीत आहे.

तिसरीचा वर्ग मिळालाय. मार्गदर्शक शिक्षिका गासाताया मॅम. उंच, सडपातळ, निवृत्तीला आलेल्या. बोलताना आपल्या तोंडाकडे इतकं रोखून बघतात की दातात काही अडकलंय का असं वाटतं.

९ जानेवारी

पहिलं पाठटाचण परत आलं. सगळं लाल.

टाचणाच्या पानाचे दोन भाग असतात. डावीकडे शिक्षिका काय करेल, काय विचारेल. उजवीकडे मुलं काय म्हणतील. डावी बाजू मी जीव ओतून लिहिली होती. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर प्रेझेंटासिओनने गिरवून घेतलेलं वळणदार अक्षर अजून माझ्या हातात आहे. उजवीकडे मात्र प्रत्येक प्रश्नासमोर एवढंच लिहिलं होतं: "मुले उत्तर देतील."

"काय उत्तर देतील?" मॅमनी विचारलं.

"ते तर मुलं ठरवतील ना, मॅम?"

"मुलं ठरवतील. पण तू आधी लिहिशील. पूर्ण वाक्यात. कोण उत्तर देणार तेही."

"नावासकट?"

"नावासकट. मेना, वर्गात काय बोललं जाणार ते मला आधी कळलं पाहिजे."

ड्वेन चौथीच्या वर्गावर आहे. त्याच्या मॅम म्हणे टाचण उघडूनसुद्धा बघत नाहीत. तो उजवीकडे सरसकट "उत्तरे वेगवेगळी येतील" असं ठोकून देतो आणि दुपारी झाडाखाली झोपतो. नशीब एकेकाचं.

१४ जानेवारी

संध्याकाळी तेओने टाचण हातात घेतलं. म्हणाला, "मी मुलगा होतो, तू मॅम हो." मी विचारलं, "झाडाला पानांचा काय उपयोग होतो?" त्याने उभं राहून, हाताची घडी घालून, बारीक आवाजात वाचलं, "मॅम, पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने झाडासाठी अन्न तयार करतात."

"छान. टाळ्या."

"मेना, आपल्या तिन्ही पोरांपैकी एकाने तरी आठव्या वर्षी असलं वाक्य उच्चारलं होतं का? आपला थोरला म्हणायचा, पानांचा उपयोग भात गुंडाळायला."

मी चिडले. पण खरं सांगायचं तर उजवा रकाना लिहिताना मला तिसरीची ही मुलं दिसतच नाहीत. दिसतो आमचा कॉन्व्हेंटचा वर्ग. पांढरे मोजे, ताठ पाठी, एकसुरात "येस, सिस्टर." तिथे उत्तर माहीत नसलं तरी चुकीचं उत्तर कुणी देत नसे.

२१ जानेवारी

आज पहिल्यांदा वर्ग घेतला. खडू दोनदा हातून पडला.

मॅम मागे बसतील असं वाटलं होतं. त्या पुढे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, मुलांकडे तोंड करून बसल्या. मांडीवर माझं टाचण, हातात पेन्सिल. तास चालला तशी पेन्सिल उजव्या रकान्यावरून एकेक ओळ खाली सरकत होती.

लोवेलीच्या नावावर मी सूर्यप्रकाशाचं वाक्य लिहिलं होतं. ती उठली आणि म्हणाली, "पानं आमची शेळी खाते, मॅम. मग ती पोरांना दूध देते. शेळीच्या पोरांना." माझा चेहरा पडला असणार. पण तास संपल्यावर मॅम म्हणाल्या, "लोवेलीने छान सांगितलं. सूर्यप्रकाश विसरली नाही."

मूल चुकलं तरी त्याचं झाकून घ्यायचं, किती मोठं मन! आमच्या सिस्टरने तिला कोपऱ्यात उभं केलं असतं.

एक वाईट सवय मात्र या वर्गाला आहे. कुणाला मॅमशी बोलायचं झालं की जागेवरून उठून थेट त्यांच्या टेबलासमोर येतात, बाही ओढतात आणि तोंडासमोर तोंड आणून बोलतात. मी दोघांना जागेवर पाठवलं. "जागेवर उभं राहून, मोठ्याने बोलायचं," म्हटलं. जोमारीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही.

३० जानेवारी

प्रार्थनेनंतर वर्ग शांत बसला होता, इतक्यात पत्र्यावर नारळ पडला. बॉम्ब पडावा तसा आवाज. मुलं किंचाळली, मी खुर्चीवरून उठले, शेजारच्या वर्गातून सर धावत आले. गासाताया मॅम हजेरी लिहीत होत्या. त्यांची मानसुद्धा वर झाली नाही. मुलं उठलेली दिसली तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "बसा रे."

असं चित्त मी फक्त मदर सुपीरियरचं पाहिलं होतं. मला कधी जमेल?

शिक्षकांच्या खोलीत मात्र त्या कुणाला फारशा आवडत नाहीत. "गर्विष्ठ आहे गं," एक जण मला म्हणाली. "मागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. आणि विनोद सांगितला तर सगळे हसल्यावर मग हसते, उपकार केल्यासारखी."

१२ फेब्रुवारी

दोन दिवस दाढ ठणकत होती. टाचण कसंबसं पुरं केलं आणि उजवीकडे ड्वेनचं वाक्य लिहून मोकळी झाले: "उत्तरे वेगवेगळी येतील."

मॅमनी ते पान तास सुरू झाल्यावर उघडलं. पेन्सिल पहिल्या ओळीवर थांबली ती हललीच नाही. मुलं बोलत होती, हसत होती. मॅम या मुलाकडून त्या मुलाकडे मान वळवत होत्या, दर वेळी थोडा उशीर होऊन. पाऊण तास व्हायच्या आधीच उठून बाहेर गेल्या.

मी इतकी वाईट शिकवत होते?

१३ फेब्रुवारी

टाचण परत आलं. लाल शाईचा एक ठिपकाही नाही. शेवटी बारीक अक्षरात: "कृपा करून असे लिहू नकोस."

'कृपा करून' हे शब्द मॅमच्या हातचे. दिवसभर मन लागलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी

ड्वेनचा अंतिम पाठ झाला आणि तो नापास झाला. पोरगं गेटजवळ बसून रडत होतं.

त्याने मुलांकडून आधी सगळी उत्तरं घोकून घेतली होती. सगळेच घेतात. पण जिल्हा कार्यालयातून आलेल्या पेदेर्नाल मॅमनी मध्येच उठून एका मुलीला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" मुलगी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मॅम, चौकोनाला चार बाजू असतात." पुढची ओळ तिचीच होती.

वर्ग हसला. पेदेर्नाल मॅम हसल्या नाहीत.

नंतर आमचे हेडसर, एर्विन सर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मनांग मेना, एक ऐका." मी वयाने मोठी म्हणून ते मला मनांग, थोरली बहीण, म्हणतात. "या बाईंना पढवलेली उत्तरं चालत नाहीत. पोरं जे बोलतील ते धरून पुढे जा. टाचण विसरा. आणि पाठ संपल्यावर चर्चेत मार्गदर्शक शिक्षिकेला आधी बोलावं लागतं. गासाताया मॅमना जरा सांगून ठेवा, कुठल्या मुलाने काय सांगितलं ते त्यांनी नेमकं मांडावं. बाई त्यावरच उलटसुलट विचारतात."

मॅमना मी काय सांगणार? त्यांना टाचणाबाहेरचं काही चालतच नाही.

३ मार्च

जोमारी आज पुन्हा उठून मॅमच्या टेबलाशी गेला. डबा खाताना मी त्याला म्हटलं, "तोतो, बाळा, किती वेळा सांगायचं? जागेवरून बोलावं."

"तुमच्याशी जागेवरून बोलतो की, मॅम."

"मग गासाताया मॅमशी का नाही?"

"त्यांच्याशी समोर जाऊनच बोलायचं असतं. आमचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"आम्हीच." त्याने सुकट मासळीचं डोकं चावलं. "आणि भराभरा बोलायचं नाही. रेनबॉय भराभरा बोलतो, म्हणून त्याचं लोवेली सांगते."

मुलांचे एकेक नियम! हसू आलं.

५ मार्च

शाळा सुटल्यावर मॅमबरोबर अंतिम पाठाच्या टाचणावर बसले होते. विषय: वादळ येण्यापूर्वीची तयारी. आभाळ भरून आलं होतं, खिडक्या लावलेल्या. बोलता बोलता वीज गेली आणि खोलीत काळोख झाला. मी माझं वाक्य पुरं केलं आणि विचारलं, "हे चालेल ना?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मॅमनी अंधारात हात पुढे करून माझा दंड शोधला आणि घट्ट धरला.

"उद्या बोलू," त्या म्हणाल्या. "उजेडात."

वीज येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

आज मला एक गोष्ट कळली. ती इथे लिहीत नाही. दुसऱ्याचं असतं ते आपल्या वहीत सुद्धा ठेवू नये, एवढं तरी सिस्टरांनी शिकवलंय. पण नारळाच्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते वाचलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

११ मार्च

मुलांकडून उत्तरं घोकून घेतली तर मी ड्वेनसारखी जाईन. मुलांना मोकळं सोडलं तर टाचण मागे राहील, आणि चर्चेत आधी बोलायला उभं राहायचंय मॅमना, पेदेर्नाल बाईंसमोर. त्या टाचणातली वाक्यं सांगतील. वर्गात घडलेलं असेल भलतंच.

तेओला एवढंच म्हटलं, "दोन्ही बाजूंनी अडकलेय." त्याने कारण विचारलं नाही. रेडिओचा पाठीमागचा पत्रा लावत म्हणाला, "मेना, तुला काय करायचंय ते तुला ठाऊक आहे. तू फक्त त्याचे मार्क किती जातील ते बघतेयस."

पस्तीस वर्षं एका माणसाबरोबर राहिलं की हे असं होतं.

मॅमना विचारलं होतं, "परवा उजवा रकाना कोरा ठेवला तर?" तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश. त्या म्हणाल्या, "तुझा पाठ आहे." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

१३ मार्च

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

पाहुण्यांसाठी तांदळाचे वाफवलेले गोड पुतो करून नेले होते, केळीच्या पानावर मांडले. मागच्या भिंतीशी एर्विन सर, पेदेर्नाल मॅम आणि कॉलेजचे दोघे. गासाताया मॅम आपल्या कोपऱ्यात. त्यांच्या मांडीवर माझं टाचण, डावी बाजू भरलेली, उजवी बाजू कोरी.

मी विचारलं, "वादळ येणार असं कळलं की तुमच्या घरी सगळ्यात आधी काय करतात?"

लोवेली म्हणाली, "आजी सांतो निन्योला प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि गाठ मारते. मागच्या वेळी बाळ येशूचा मुकुट भिजला होता."

मी फळ्याकडे वळले आणि लिहिलं: "लोवेली — आजी बाळ येशूला पिशवीत बांधून ठेवते." मोठ्या अक्षरात, सिस्टरच्या वळणात, खिडकीच्या कोपऱ्यातून दिसेल असं. मगच हात वर केलेल्या पुढच्या मुलाला उठवलं.

"रेनबॉय — बाबा होडी उलटी करून नारळाला बांधतात." "एंजेलिन — आई तांदूळ आढ्याला टांगते." प्रत्येक मूल बोललं की मी लिहीत होते, नावासकट, त्याच्याच शब्दांत. मुलांना त्याची गंमत वाटली. आपलं वाक्य फळ्यावर चढलं की ती मोठ्याने वाचत. ज्यांनी दोन महिने तोंड उघडलं नव्हतं त्यांचेही हात वर आले. पेदेर्नाल मॅम मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. मला दिसत होतं. थांबले नाही.

मग जोमारी उठला. "आम्ही डुकरीण घेऊन शाळेत आलो होतो. मागच्या वादळात. सगळ्या वर्गांत माणसं झोपली होती, म्हणून बाबांनी तिला हेडसरांच्या खोलीत बांधलं."

एर्विन सरांचा चेहरा लाल झाला.

"आणि तिथेच तिला पिल्लं झाली. सरांच्या टेबलाखाली."

त्यानंतर वर्गात जे हसणं झालं ते लिहून सांगता येणार नाही. कॉलेजचे परीक्षकही डोळे पुसत होते. मी फळ्यावर ते सगळं लिहिलं, पिल्लांसकट. लिहून वळले तर गासाताया मॅम फळ्याकडे बघून खांदे हलवत हसत होत्या. सगळ्यांच्या मागून, एकट्याच.

घंटा झाली. शेवटची लेखी चाचणी राहून गेली. टाचणाची दोन पानं तशीच.

मुलं गेल्यावर चर्चा. नियमाप्रमाणे गासाताया मॅमना आधी बोलायला सांगायचं, पण पेदेर्नाल मॅमना दम नव्हता.

"स्पष्ट बोलते. पाठ अपुरा आहे. मूल्यमापन नाही. फळा बघा, वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. मुलं बोलतात तेवढं लिहीत बसायचं हे कुठल्या पद्धतीत बसतं? अर्धा वेळ तुमची पाठ वर्गाकडे. का लिहीत होतात?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली, मॅम. वेळेचा अंदाज चुकला."

"ते उत्तर नाही. का लिहिलंत?"

मी मान खाली घातली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या मनात आलं, रखवालदाराला आता काय सांगायचं.

"माझ्यासाठी लिहिलं तिने."

गासाताया मॅम उभ्या होत्या. त्यांना आमचं बोलणं कितपत कळलं कोण जाणे, पण ते पेन त्यांना दिसलं असणार.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. "चार वर्षं झाली. आधी थोडं येत होतं. आता मुलांचं तर अजिबात नाही. मी शिकाऊ मुलींकडून उत्तरं आधी लिहून घेते आणि त्यावर वर्ग चालवते. तिला कळलं. कसं ते मला माहीत नाही. पण चार वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या वर्गात काय बोललं गेलं ते मला कळलंय. काय ते सांगू?"

आणि सांगितलं. फळ्याकडे एक नजर टाकत, एकेका मुलाचं नाव घेऊन. बाळ येशूची पिशवी, उलटी होडी, आढ्याला टांगलेले तांदूळ. "जोमारीचे वडील," त्या म्हणाल्या, "वादळानंतर माझ्याकडे एक पिल्लू घेऊन आले होते. कशाबद्दल ते मला तेव्हा समजलं नव्हतं. मी नको म्हटलं."

एर्विन सर उठले. आपली खुर्ची उचलून मॅमच्या अगदी समोर आणून ठेवली, तीत बसले आणि ओठ नीट हलवत म्हणाले, "मॅम, हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वर्ग काढून घेतला असता, सर."

सर फळ्याकडे बघायला लागले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

पेदेर्नाल मॅम चष्मा लावून फळ्यापाशी गेल्या. वरून खाली सगळं वाचलं, अगदी सावकाश. शिपाई डस्टर घेऊन आला होता, त्याला म्हणाल्या, "थांब. पुसू नकोस." मग जागेवर येऊन माझ्या कागदावर आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं. पास. सगळ्यात खालच्या श्रेणीत. चाचणी राहिली त्याचे गुण त्यांनी दिले नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जाताना पुतो मात्र चार घेऊन गेल्या.

संध्याकाळी मी आणि मॅम एकाच ट्रायसिकलमधून घरी आलो. इंजिनचा एवढा आवाज की मलाही काही ऐकू येत नव्हतं. चर्चपाशी उतरलो तेव्हा अजून उजेड होता. मॅम म्हणाल्या, "जूनपासून वर्ग नाही मिळायचा मला. ग्रंथालय देतील बहुधा. सर चांगले आहेत, पण ते तरी काय करतील?"

मी त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं, त्यांना नव्हतं येत.

"मेना, एक सांग. जोमारीचं झालं तेव्हा सगळी हसली. मी बघितलं. तोंडं उघडी, एंजेलिन तर बाकाखाली गेली." त्या माझ्या ओठांकडे बघत थांबल्या. "आवाज केवढा झाला?"

मी त्यांच्याकडे नीट तोंड केलं. "एवढा मोठा, मॅम, की शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन दार लावून घेतलं."

"खरंच लावून घेतलं?"

"आपटून."

मॅम खूश झाल्या. "मग ठीक," म्हणाल्या, आणि छत्री काखेत मारून घराच्या वाटेला लागल्या.